आधी शोधा, मग विचारा

शुक्रवारी तपासणी होती आणि बुधवारी सकाळी एकोडीच्या सार्वजनिक वाचनालयातली सगळी पुस्तकं नाहीशी झाली.

"गेले," भैयाजी कापगते कम्प्युटरपुढे बसल्या बसल्या म्हणाले. "सगळेच्या सगळे पुस्तकं गेले."

डोमाने पेपर खाली केला. डोमा म्हणजे वाचनालयाचा रोजचा आणि पुष्कळदा एकुलता एक वाचक. तो पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या निविदेपर्यंत वाचायचा आणि पुस्तकाला मात्र कधी हात लावायचा नाही. त्याने सावकाश मान फिरवून चारही कपाटं पाहिली.

"मंग हे काय दिसून राहिले?"

"हे नाही. कम्प्युटरातले."

"असं बोला ना मंग. मले वाटलं चोरी झाली. खरे तं हायेत." आणि तो परत पेपरात शिरला.

भैयाजींना पहिला राग आला तो इथे. पण भैयाजींचा राग म्हणजे राइस मिलमागच्या कोंड्याच्या ढिगाला लागलेली आग. वरून काही दिसत नाही, आत धुमसत राहते. जन्मात ते कुणाला तोंडावर उलटून बोलले नव्हते. तरुणपणी ग्रंथपाल झाले तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं होतं की वाचकांना अधूनमधून चार शब्द सुनावावे लागणार आणि ते काही आपल्याला जमणार नाही. म्हणून त्यांनी पत्र्याच्या फलकावर लाल रंगात नियम रंगवले आणि तो फलक कपाटाच्या वर टांगला. तेव्हापासून सुनावायचं काम फलकाकडे होतं. भैयाजी फक्त बोट वर करायचे. आता तो फलक इतका जुना झाला होता की तो कुणीच वाचत नव्हतं. भैयाजीसुद्धा नाही.

तर पुस्तकं. यंदापासून तपासणीला येणारे साहेब कपाटं उघडून पाहणार नव्हते, कम्प्युटरवरची नोंद पाहणार होते. नोंद असेल तर वाचनालयाचा 'क' वर्ग राहणार, नसेल तर 'ड' होणार. आणि 'ड'च्या खाली वाचनालयांसाठी अक्षरच शिल्लक नव्हतं. समाजमंदिराच्या ओसरीत एका पत्र्याच्या पेटीपासून भैयाजींनी हे वाचनालय उभं केलं होतं. ते बंद झालेलं पाहायला लागू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. म्हणून मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलीने, तृप्तीने, पुण्याहून येऊन 'ग्रंथकोठी' नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर बसवून दिलं आणि भैयाजींनी पूर्ण पावसाळा एका बोटाने टाइप करत चारही कपाटं त्यात भरली. मंगळवारपर्यंत सगळं जागच्या जागी होतं. आज उघडलं तर पडद्यावर एकच ओळ : एकूण पुस्तके ०.

त्यांनी तृप्तीला फोन लावला.

"बाबा, मी मीटिंगमध्ये आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "मले बी ते तेवढं समजत नाही. तुमाले ग्रंथकोठीच्या ग्रुपवर टाकते, तिथं विचारा. लय हुशार लोक आहेत. फक्त सीधा प्रश्न विचारजा."

सीधा प्रश्न. आता एकोडीत सीधा प्रश्न कसा विचारतात ते सांगायला हवं. समजा तुम्हाला शेजाऱ्याची शिडी पाहिजे. तर आधी त्याच्याकडे जाऊन बसायचं. तो पाणी देतो. धान किती झालं, मंडईच्या जत्रेत यंदा नाटक कोणतं, धाकट्याचं कुठे जुळलं का, हे सगळं झालं की चहा येतो. चहा पिऊन उठायचं, चप्पल घालायची, फाटकापर्यंत जायचं आणि मग मागे वळून म्हणायचं, "अन् हो, ते शिडी रिकामी आहे का जी?" तुम्ही शिडीसाठी आलात हे शेजाऱ्याला पहिल्या घोटापासून माहीत असतं. पण आल्या आल्या शिडी मागणारा माणूस हा माणूस नसतो, जप्तीवाला असतो.

भैयाजींनी त्याच रीतीने ग्रुपवर लिहिलं. दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलं. 'ग्रंथकोठी परिवारातील सर्व मान्यवर बंधुभगिनींस सादर नमस्कार. आपण सर्व कुशल असाल अशी आशा आहे. आमच्याकडे हलके धान कापून झाले असून भारी धान अद्याप उभे आहे. अवकाळीची भीती वाटते. आपल्याकडील पीकपाणी कळवावे. आपण निःस्वार्थपणे करीत असलेल्या ग्रंथसेवेबद्दल लिहावे तितके थोडेच.' नाव आणि गाव लिहायचं त्यांच्या जिवावर आलं. एवढ्या हुशार लोकांत आपलं नाव कशाला? खाली त्यांनी 'एक सामान्य वाचनालयसेवक' अशी सही केली. त्यांच्या नंबरापुढे तृप्तीने कधीकाळी 'बाबा' असं टाकून ठेवलं होतं, तेवढंच लोकांना दिसत होतं.

शिडीचा विषय त्यांनी अजून काढला नव्हता. चहा व्हायचा होता.

उत्तर लगेच आलं. पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी नुसतं 'ॲडमिन' होतं.

'प्रश्न काय आहे?'

भैयाजींनी ते दोनदा वाचलं. मग डोमाला दाखवलं.

"नमस्कार बी नाही केला याने," डोमा म्हणाला. "कर्जवसुलीवाला हाये का?"

भैयाजींनी राग गिळला. अनोळखी माणूस आहे, ओळख झाली की मोकळा होईल, असं म्हणून त्यांनी लिहिलं, 'आपला निरोप मिळाला. आनंद झाला. आपण कोणत्या गावचे?'

'गाव विचारू नका. नुसतं बोलणं नियमात बसत नाही. प्रश्न?'

आता मात्र भैयाजींच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यांनी लिहिलं, 'पुस्तके दिसत नाहीत. शुक्रवारी तपासणी. तातडीचे आहे.' यात नमस्कार नव्हता, पीकपाणी नव्हतं, काही नव्हतं. असं लिहिताना त्यांना कुणाच्या तरी घरात चपलेसकट शिरल्यासारखं वाटलं.

त्यावर ॲडमिनने उत्तर दिलंच नाही, ग्रुपचे नियम पाठवले. डोमाने ते मोठ्याने वाचले, कारण भैयाजींचा चष्मा रागाने धूसर झाला होता.

"एक. कामाशिवाय बोलू नये. दोन. आधी शोधावे, मग विचारावे. तीन. एकदा सांगितलेले पुन्हा सांगितले जाणार नाही. चार. शेवटी काय केले ते खरे सांगावे. पाच. ज्यांना घाई आहे त्यांनी येथे येऊ नये." डोमा थांबला. "भैयाजी, हा मानूस पोलिसात हाये."

"आधी शोधावे म्हणते," भैयाजी पुटपुटले. "शोधता आलं असतं तं विचारलं असतं का याले?"

नियमांच्या वर 'कृपया आधी हे वाचा' अशा नावाचा एक संदेश टाचून ठेवलेला होता. त्यात नेहमीच्या अडचणी आणि त्यांची उत्तरं होती. भैयाजींनी जन्मभरात चार कपाटं वाचली होती, दिवाळी अंकांतल्या जाहिरातीसुद्धा सोडल्या नव्हत्या. पण हे वाचायचं नाही असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. अशा सुरात सांगितलेलं ते वाचणार नव्हते.

त्याऐवजी त्यांनी पडद्याचा मोबाइलने फोटो काढून पाठवला. फोटो आडवा गेला. त्यात पडदा पाव होता आणि बाकी सगळा डोमाचा कान होता.

'हा कान कोणाचा आहे?' ॲडमिनने विचारलं. पाठोपाठ ग्रुपमधल्या कुणीकुणी हसणारे चेहरे टाकले.

"मायबीन," डोमा कान चाचपत म्हणाला, "सगळ्या महाराष्ट्रात गेला का माहा कान?"

ॲडमिनने पुढे लिहिलं, 'मोबाइलचे फोटो नकोत. आवृत्ती कोणती? आणि हे होण्याआधी शेवटी काय केलं होतं?'

भैयाजींनी लिहिलं, 'काही नाही.'

'काही न करता काही होत नाही. शेवटी काय केलं होतं?'

भैयाजींनी मोबाइल टेबलावर पालथा घातला.

शेवटी काय केलं होतं ते त्यांना नीट आठवत होतं. ते सांगण्यासारखं नव्हतं. मंगळवारी संध्याकाळी डोमा घरी गेल्यावर वाचनालयात कुणी नव्हतं. भैयाजींनी दाराकडे एकदा पाहिलं आणि 'लेखक' असं लिहिलेल्या चौकोनात सावकाश टाइप केलं : कापगते भैयाजी. त्यांचं एकही पुस्तक नव्हतं. घरी कापडात बांधलेले कागद होते, गावातल्या बोड्या, म्हणजे शेतातली लहान तळी, आणि तलाव यांविषयी लिहिलेले. पण त्याला पुस्तक म्हणावं की नाही हे कित्येक वर्षांत ठरलं नव्हतं, म्हणून ते कागद बायकोनेही पाहिले नव्हते. त्यांना फक्त पाहायचं होतं, आपलं नाव त्या जागी कसं दिसतं. चांगलं दिसत होतं. मग त्यांनी कळ दाबली आणि यंत्राने कळवलं, '० पुस्तके'. एवढं स्पष्ट बोलायची काही गरज नव्हती, असं वाटून त्यांनी यंत्र बंद केलं आणि कुलूप लावून घरी गेले.

या गोष्टीचा आणि पुस्तकं जाण्याचा संबंध असेल असं त्यांना वाटलं नाही. असलाच तर तो देवाने लावलेला असेल, सॉफ्टवेअरने नाही.

दुपारी ग्रुपवरच्या कुणा दयाळू सभासदाने, ॲडमिनच्या नजरेआड, भैयाजींना वेगळा संदेश पाठवला. 'बाबा, नोंदी उडाल्या असतील. पुन्हा भरायला घ्या.' याने निदान बाबा म्हटलं, एवढ्यावरच भैयाजींचे डोळे भरून आले आणि त्यांनी पहिलं कपाट उघडलं. सगळ्यात वरचं पुस्तक होतं 'भातावरील कीड व तिचा बंदोबस्त'. एका बोटाने त्यांनी ते भरलं. यंत्र म्हणालं, 'जतन झाले.' आणि आकडा पुन्हा शून्य.

"उडालं," डोमा म्हणाला.

पुन्हा भरलं. जतन झाले. शून्य. भैयाजी हट्टाला पेटले. ऊन समोरच्या भिंतीवर चढेपर्यंत त्यांनी तेच पुस्तक इतक्या वेळा भरलं की डोमाला त्याचा प्रकाशक, पानं आणि आवृत्ती पाठ झाली. प्रत्येक वेळी यंत्र जतन झालं म्हणायचं आणि गिळून टाकायचं.

त्या वेळी विमलाबाई आल्या. त्यांचं घर वाचनालयाच्या मागेच. मुलगा बाहेरगावी नोकरीला, घरी त्या एकट्या. मोबाइलवर काही आलं की वाचून घ्यायला त्या भैयाजींकडे यायच्या. आल्या, बसल्या, भैयाजींच्या गुडघ्याची चौकशी केली, डोमाच्या धानाची केली, मग म्हणाल्या, "तोंड काहून असं झालं जी?"

भैयाजींनी सांगितलं. नमस्काराला उत्तर नाही, गाव विचारलं तर खेकसला, कानाची टिंगल, सगळं. विमलाबाई ऐकत गेल्या तशा त्यांच्या भुवया वर चढत गेल्या.

"नमस्कार बी नाही घेतला? म्हाताऱ्या मानसाचा?" त्यांनी पदर खोचला. "कोनाचं लेकरू होय बाप्पा हे. मायनं काईच नाही शिकवलं वाटते. अशा मायच्या तोंडात पहिले द्याव. मानसासंगं कसं बोलाव हे मायच शिकवते ना लेकराले."

"खरं आहे बाई," भैयाजी म्हणाले. त्यांना फार बरं वाटलं. आपल्या बाजूने इतकं स्वच्छ बोलणारं माणूस त्यांना कधी मिळालं नव्हतं.

विमलाबाई गेल्या आणि त्यांचे शब्द भैयाजींच्या अंगात राहिले. गुरुवारी सकाळी, घरून पेज पिऊन आल्या आल्या, त्यांनी ग्रुपवर लिहायला घेतलं. या वेळी एकदाही खोडलं नाही. जन्मभराचा कोंडा एकदम पेटला होता.

'ॲडमिन महाशय, काल आपण एका वृद्धाचा नमस्कार नाकारलात. आपले नियम मी ऐकले. त्यांत एक शब्द मायेचा नाही. हे नियम ज्याने प्रथम लिहिले त्या इसमाबद्दल मला कुतूहल वाटते. त्याला माणसांची भीती वाटत असली पाहिजे. समोरच्याशी बोलण्याचे धैर्य नाही म्हणून तो नियमांच्या आड लपून बसला आहे. असा मनुष्य ज्ञानाच्या जागी बसवू नये. त्याला घुबडासारखे एखाद्या अंधाऱ्या खोलीत ठेवावे. आपल्या आवृत्तीचे आपणच काय ते करा.'

त्यांनी पाठवून दिलं आणि खुर्चीत मागे टेकून बसले. छातीत ढोल वाजत होता. हे आपण लिहिलं यावर त्यांचा विश्वास बसेना. डोमाने सगळं वाचलं आणि प्रथमच त्यांच्याकडे आदराने पाहिलं.

"घुबड बेस बसलं."

मोबाइल किणकिणला. 'तुम्हाला या ग्रुपमधून काढण्यात आले आहे.'

ढोल थांबला. बाहेर ट्रॅक्टर गेला, त्याची धूळ आत येऊन कपाटांवर बसली. उद्या शुक्रवार. पडद्यावर शून्य. जिथे विचारायचं ती एकच जागा होती, ती भैयाजींनी स्वतःच्या हाताने पेटवून दिली होती. त्यांना वाटलं, राग हा आपला प्रांत नव्हता. ज्याला सवय नाही त्याने एवढा मोठा राग एकदम करू नये.

"मंग 'ड' का?" डोमाने विचारलं. मग त्यानेच पेपराची घडी घातली, जी तो दुपारच्या आधी कधी घालत नसे, आणि उठून बाहेर गेला. परत आला तो विमलाबाईंना घेऊन.

"माहा भुपेंद्र कम्प्युटरातच तं हाये," विमलाबाई म्हणाल्या. "मले काल सुचलंच नाही. आताच लावतो फोन. पन आधीच सांगून ठेवतो, थो फोनवर जरा तुसडा बोलते." त्यांनी मोबाइल टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला.

"हॅलो बाबू, जेवला का?"

"जेवतो माय. काम सांग."

"भाजी काय आनली डब्यात?"

"माय. काम."

"पाहा," विमलाबाई भैयाजींना म्हणाल्या, "असाच बोलते." मग मोबाइलकडे वाकून, "भैयाजी बसले हायेत माह्याजवळ. वाचनालयाचे. थ्याईले पुसाचं हाये काई."

"बोला काका," आवाज थोडा मऊ झाला.

भैयाजी खुर्चीच्या कडेवर आले. "बाबू, बरा आहेस ना? लहान होता तवा पाहिलं होतं तुले. तिकडं थंडी पडली का?"

"प्रश्न काय आहे काका?"

भैयाजींची मान किंचित वर झाली. पण गरज होती. त्यांनी सांगितलं, ग्रंथकोठी, शून्य, जतन होते आणि उडते.

"आवृत्ती कोणती?" पलीकडून विचारलं गेलं. "आणि हे होण्याआधी शेवटी काय केलं होतं?"

डोमाने मोबाइलकडे वळून पाहिलं.

"हे," भैयाजी सावकाश म्हणाले, "मले कालच एकाने विचारलं होतं."

पलीकडे कुणी तरी डब्याचं झाकण खाली ठेवलं.

"काका," भुपेंद्रचा आवाज बदलला होता, "तो कानाचा फोटो तुमचा होता का?"

"कान माहा हाये," डोमा मागून म्हणाला.

"म्हणजे ते घुबड..."

"घुबड मी लिहिलं," भैयाजी म्हणाले. आणि मग, दोन दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने, "मी तुले गाव विचारलं होतं. गाव सांगितलं असतं तं हे झालं असतं का? एका गावचे आपण."

विमलाबाई एकदा मोबाइलकडे, एकदा भैयाजींकडे पाहत होत्या. त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला.

"भुपेंद्र," त्या म्हणाल्या, "थो नमस्कार न घेनारा तू होय?"

"माय, त्या ग्रुपवर लोक दिवसभर..."

"म्हंजे काल मी जे बोललो, थे माय मीच का?" त्या भैयाजींकडे वळल्या. "अन् तुमी खरं आहे म्हनले."

भैयाजींना टेबलाखाली जावंसं वाटलं. विमलाबाईंनी राग पुन्हा मोबाइलकडे फिरवला. "मी तुले असं शिकवलं का रे? कामाशिवाय बोलू नये, घाई हाये तं येऊ नये. हे कोनाच्या घरचे नियम हायेत?"

"तू नाही शिकवले माय," भुपेंद्र म्हणाला. "काका, कपाटाच्या वरचा तो फलक अजून आहे का?"

भैयाजींनी मान वर केली. डोमाने केली. मग डोमा बाकावर चढला, खांद्यावरच्या दुपट्ट्याने पत्र्यावरची धूळ पुसली आणि वाचू लागला. "एक. कामाशिवाय बोलू नये. दोन. आधी शोधावे, मग विचारावे..." तो थांबला. "भैयाजी, हे तं थेच होय."

"पुढे वाचू नको," भैयाजी म्हणाले.

"शब्दाला शब्द होय. फक्त चारमंधी पुस्तक फाटल्यास असं हाये."

"मी सातवीत होतो," मोबाइल सांगत होता. "एक भूगोलाचं पुस्तक पाहिजे होतं. मी विचारलं, तुम्ही बोट वर केलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, परत बोट. मग सगळे कपाटं शोधले. भूगोल नाही भेटला, पन बाकी सारं वाचून झालं. मी ग्रुप काढला तेव्हा नियम पाहिजे होते. मले दुसरे येतच नव्हते. ह्या नियमाईनंच मी घडलो, काका. त्या घुबडाबद्दल तेवढं नव्हतं लिहायला पाहिजे."

ज्या इसमाला अंधाऱ्या खोलीत ठेवावं असं त्यांनी सगळ्या महाराष्ट्राला कळवलं होतं, तो इसम याच खोलीत बसलेला होता, आणि खोलीत उजेडही बेताचाच होता.

"भूगोल दुसऱ्या कपाटात होता," भैयाजी शेवटी म्हणाले. "मागच्या रांगेत. मले माहीत होतं."

"मले वाटलंच होतं," भुपेंद्र म्हणाला. मग जरा थांबून, "आता सांगा काका. शेवटी काय केलं होतं?"

भैयाजींनी डोमाकडे पाहिलं. डोमा बाकावरच उभा होता. विमलाबाईंकडे पाहिलं. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि सभ्यपणे खिडकीबाहेर नजर लावली. भैयाजींनी मोबाइल उचलून अगदी ओठांजवळ नेला आणि पाठ वळवून सांगितलं.

पलीकडून हसू आलं नाही. ते येईल या भीतीने भैयाजींनी डोळे मिटले होते, पण नाही आलं.

"त्या चौकोनात अजून ते नाव असेल," भुपेंद्र हळूच म्हणाला. "शेवटचा शोध ते लक्षात ठेवते. त्या नावाचे जेवढे पुस्तकं असतील तेवढेच दाखवते. ते खोडा, बस."

भैयाजींनी पाहिलं. कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, त्यांचं नाव तिथे मंगळवारपासून उभं होतं, सगळ्या वाचनालयाच्या वाटेत. त्यांनी ते एकेक अक्षर करून खोडलं. चारही कपाटं एका झटक्यात पडद्यावर परत आली. सगळ्यात वर 'भातावरील कीड व तिचा बंदोबस्त' होतं. त्याच्या खालीही तेच होतं. आणि त्याच्या खालीही.

"हे टाचलेल्या संदेशात पहिलंच होतं, काका," भुपेंद्र म्हणाला. "कुणी वाचतच नाही."

"नाही वाचत," भैयाजी म्हणाले, आणि फलकाकडे पाहायचं त्यांनी टाळलं. "बाबू, अन् हो. ते ग्रुपमध्ये परत..."

"घेतो. पन नियम तेच राहतील."

"आन नमस्कार घ्याचा," विमलाबाईंनी खिडकीकडूनच फर्मावलं.

गुरुवारी संध्याकाळी भैयाजी फलक काढायला बाकावर चढले, तर डोमा म्हणाला, "राहू द्या. खाली भिंतीवर चट्टा दिसन, साहेब पुसन काय होतं म्हनून." म्हणून फलक राहिला. किडीच्या जादा नोंदी कशा काढायच्या हे विचारायचं राहून गेलं, आणि ग्रुपवर विचारायची भैयाजींची छाती झाली नाही. त्यासाठी आधी शोधावं लागलं असतं.

शुक्रवारी साहेब आले. खांद्याला कापडी पिशवी, बोलणं हळू. खुर्चीत बसून त्यांनी नोंदी वरपासून खालपर्यंत पाहिल्या.

"किडीवर एवढ्या प्रती?"

"यंदा तुडतुडा फार आहे जी," डोमा पेपरामागून म्हणाला. साहेबांनी मान हलवून काही तरी टिपून घेतलं.

"छान भरलंय," ते म्हणाले. "'क' कायम ठेवायला हरकत नाही. मी जरा शोधबिध चालतो का तेवढं बघतो." भैयाजी चहाचं सांगायला बाहेर गेले. डोमा पेपराच्या मधल्या पानात होता.

भैयाजी परत आले तेव्हा साहेब खुर्चीवरून अर्धे उठलेले होते. कपाळावर घाम होता. पडद्यावर एकच ओळ होती : एकूण पुस्तके ०.

"अहो, हे बघा काय झालं," साहेब म्हणाले. "सगळी गेली. मी काही केलं नाही. खरंच काही नाही केलं."

डोमाने पेपर खाली केला. त्याची नजर फलकाच्या चौथ्या ओळीवर गेली आणि तिथून भैयाजींकडे आली. साहेबांचीही नजर त्याच्यामागोमाग फलकावर गेली आणि तिथेच अडकली.

भैयाजींनी पडद्याच्या कोपऱ्यातला तो चौकोन ओळखला होता. त्यात काही तरी लिहिलेलं होतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, म्हणजे काही वाचता येऊ नये, आणि अंदाजाने खोडायची कळ दाबून धरली. नाव लांब असावं, बराच वेळ धरावी लागली. मग पुस्तकं परत आली.

साहेब बसले. चहा आला. चहावर धान झालं, मंडई झाली, साहेबांच्या मुलीचं शिक्षण झालं. 'क' लिहून, सही करून, पिशवी खांद्याला लावून साहेब फाटकापर्यंत गेले आणि तिथून मागे वळले.

"तुम्ही विचारलं नाहीत," ते म्हणाले, "मी शेवटी काय केलं होतं ते. तुमच्या फलकावर तर तसा नियम आहे."

"जुना फलक आहे जी," भैयाजी म्हणाले. "कोणी वाचत नाही."